आधी उसळ, मग आंबोळी: साखर सांभाळणाऱ्यांसाठी कोकणातली न्याहारी

कोकणात सकाळचा पहिला घास बहुतेक घरी पिठाचा असतो. सहाला साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेलं बटर किंवा खारी, आठ-साडेआठला घावणे, आंबोळी नाहीतर कांदेपोहे, आणि शेताकडे जायचं असेल तर दहाला उकड्या तांदळाची पेज. त्याच घरात डब्यात कुळीथ असतो, मूग-चवळी असते, दारात कोंबड्या असतात, फळीवर सुकटीची बरणी असते. पण हे सगळं ताटात येतं दुपारी, भाताच्या कडेला, तोंडी लावण्यापुरतं. टाइप २ मधुमेह, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर किंवा मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांनी करायचं ते एवढंच: हेच पदार्थ सकाळी आणायचे, त्यांचं माप वाढवायचं आणि ते आधी खायचे. विकतची प्रोटीन पावडर यात कुठेच लागत नाही.

आधी रिपोर्ट आणि गोळ्या बघा

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे पुढच्या पाचांपैकी किमान तीन गोष्टी एकत्र असणं: कंबर पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीपेक्षा जास्त (आपल्याकडच्या लोकांसाठी हेच माप धरतात), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. उपाशी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे उंबरठा. १२६ किंवा ६.५ पासून पुढे मधुमेह.

न्याहारी बदलण्याआधी क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन या मूत्रपिंडाच्या तीन तपासण्या ताज्या हव्यात. मूत्रपिंडाचं काम घटलेलं असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टर ठरवतील, हा लेख नाही. युरिक ॲसिड वाढून सांधे धरत असतील तर तारल्या, पेडवे, बांगडा आणि सुकी मासळी रोज नको. त्यांच्याऐवजी अंडी आणि दही बरं. आणि फेनिलकीटोन्युरियासारखे जन्मजात चयापचय विकार ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तिथे प्रथिनंच मोजून कमी द्यावी लागतात. त्या घरांनी इथलं काहीही वापरू नये.

गोळ्यांबद्दल जरा थांबून वाचा, कारण खरा धोका इथे आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना तीन आंबोळ्यांची एक केली आणि डोस तोच ठेवला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, अचानक चिडचिड ही त्याची लक्षणं. तेव्हा ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. मात्र गोळीत वोग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर पचायला वेळ लागतो. अशांनी ग्लुकोज पावडरचा पुडा घरात आणि खिशात ठेवावा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी भात-भाकरी एकदम बंद करू नये, कारण त्यात रक्तात कीटोन नावाची आम्लं साचण्याचा धोका असतो, आणि साखर फार वाढलेली नसतानाही तो प्रकार होतो. म्हणून यांपैकी काही चालू असेल तर बदल करण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. फक्त मेटफॉर्मिन असेल तर सहसा इतकी काळजी नसते. ती जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतली की पोट बिघडत नाही.

थायरॉइडची गोळीही बऱ्याच जणांना असते. ती उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी, आणि मग ३० ते ६० मिनिटं चहासुद्धा नाही.

सकाळच का

पहाटे शरीरात कॉर्टिसोल आणि वाढीचं हार्मोन चढतं, यकृत स्वतःहून रक्तात साखर सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव त्या वेळी कमी पडतो. रात्री काही न खाताही उपाशी साखर जास्त का येते, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. अशा वेळी वर घावणे पडले की दुपारच्या तेवढ्याच भातापेक्षा आकडा उंच जाऊ शकतो. प्रथिनं आणि भाजी आधी गेली तर पोट सावकाश रिकामं होतं, आतड्यातून जीएलपी-१ सारखी हार्मोन्स सुटतात, इन्सुलिन वेळेवर कामाला लागतं. मागून आलेला तांदूळ मग रक्तात हळूहळू उतरतो. दुसरा फायदा भुकेचा: अकराला पुन्हा चहा-बिस्किटाची आठवण येत नाही.

किती हवं

आयसीएमआर-एनआयएन या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. त्यातली २० ग्रॅमच्या आसपास सकाळी यावीत असं धरून चालू. पहिल्याच दिवशी तिथे पोचायची गरज नाही. पहिला आठवडा १२ ते १५ पुरे, नाहीतर पोट कुरकुरतं आणि बेत चौथ्या दिवशी सुटतो.

हिशेबासाठी हे आकडे पाठ झाले की काम भागतं. सगळे अंदाजे आहेत.

– एक अंडं: ६ ग्रॅम
– सुके मूग, चवळी, कुळीथ किंवा काळे वाटाणे, ५० ग्रॅम: १० ते १२ ग्रॅम
– कुळथाचं पीठ ३० ग्रॅम: ६ ग्रॅम
– मध्यम बांगडा एक: १५ ग्रॅम
– सुकट (जवळा) २० ग्रॅम: १० ग्रॅम
– घरचं दही, १५० मिलीची वाटी: ५ ग्रॅम
– दोन वाट्या दही टांगून उरलेला चक्का: ८ ग्रॅम
– शेंगदाणे १५ ग्रॅम, म्हणजे लहान मूठ: ४ ग्रॅम

कडधान्य नेहमी सुकं असताना मोजा. ५० ग्रॅम मूग १५० मिलीच्या वाटीत अर्ध्याला थोडे कमी भरतात. मोड आले की वजन दुपटीच्या वर जातं, पण प्रथिनं तेवढीच राहतात. मोड आलेले ५० ग्रॅम मूग खाऊन १२ ग्रॅम झाले असं समजणारे पुष्कळ असतात. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणून आपल्याच वाटीचं माप एकदा ठरवून ठेवा.

आता ज्यांच्यावर उगाच भिस्त ठेवली जाते ते पदार्थ. ओल्या खोबऱ्यात मुख्यतः स्निग्धांश असतो, प्रथिनं नावापुरती. सोलकढीचंही तेच. दहा काजूंत जेमतेम ३ ग्रॅम. आणि नाचणी! नाचणीचं सत्त्व, आंबील, नाचणीची पेज ही ‘शुगरवाल्यांसाठी’ म्हणून घरोघरी केली जाते. नाचणीत कॅल्शियम आणि तंतू चांगले आहेत, पण प्रथिनं शंभर ग्रॅममागे ७ च्या आसपास आणि पिष्ट तांदळापेक्षा थोडंच कमी. त्यात बारीक दळून, गाळून, पातळ शिजवून प्यायली की साखर झटक्यात वर जाते. नाचणी खायची तर भाकरी करून, अर्धी, आणि उसळीनंतर.

रोजचा क्रम

उठल्यावर पाणी. मग चहा हवाच असेल तर बिनसाखरेचा, आणि त्याच्याबरोबर काहीही नाही. मैदा आणि साखरेचा हा सहाचा फेरा मोडला नाही तर आठच्या उसळीचा अर्धा उपयोग वाया जातो. साखर आधीच चढलेली असते. चहातली साखर एकदम सुटत नसेल तर दर चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करत जा. गुळाचा चहा हा पर्याय नाही, गूळ साखरेसारखाच चढतो.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी न्याहारीच्या अगदी आधी घेतात. ती घेतल्यावर दूधवाला, पाहुणा, फोन यात न्याहारी लांबवू नका.

न्याहारीला पहिली पाच-सात मिनिटं फक्त प्रथिनं आणि भाजी: उसळ, अंडं, मासा, जोडीला काकडी किंवा कोबीची पचडी, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी, एरवी शेवग्याचा पाला. त्यानंतर पीठ. मालवणकडची आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ हे जेवण यासाठी जवळजवळ तयारच आहे, फक्त प्रमाण उलटं असतं. तीन आंबोळ्या आणि बशीभर रसाऐवजी दीड वाटी घट्ट उसळ आणि एक आंबोळी. पेज सुटत नसेल तर तीही चालेल, पण छोटी वाटी आणि शेवटी. उकडा तांदूळ सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा साखर सावकाश वाढवतो हे खरं; मात्र पेजेसाठी तो फुटेपर्यंत शिजवला की तो फायदा बराचसा जातो.

नांगरणी, लावणी, जाळी ओढणं अशी अंगमेहनत असेल त्या दिवशी पिठाचं माप कमी करू नका. प्रथिनं वाढवा, क्रम पाळा, भाकरी पूर्ण खा, आणि इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या असतील तर साखरेची पुडी कनवटीला ठेवा.

मुगाचे घावणे

एका माणसाचे दोन घावणे होतात. ५० ग्रॅम मूग रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून १० ते १२ तास ठेवा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत फडकं घट्ट पिळलेलं हवं आणि मोड अर्ध्या इंचाच्या वर जाऊ देऊ नये. मूग बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. धुऊन ‘बरे होतात’ असं समजू नये. घाई असेल तर मोड न आणता नुसते भिजवलेले मूगही चालतात, प्रथिनांत फरक नाही.

आलं, एक मिरची, मीठ आणि पाव वाटी पाणी घालून बारीक वाटा. एक चमचा तांदळाचं पीठ घातलं तर कडा कुरकुरीत होतात. तांदळाच्या घावणाचं पीठ पाण्यासारखं सळसळीत असतं. हे तसं केलं तर तव्याला धरतं आणि उलटताना फाटतं. घट्ट ताकाइतकं ठेवा. बिडाचा तवा चांगला तापवा, कांद्याच्या अर्ध्या फोडीने किंवा नारळाच्या शेंडीने तेल फिरवा, पीठ घाला, झाकण ठेवून दीड मिनिट. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावू नका. दुसरी बाजूही एक मिनिट भाजायची. मूग कच्चा राहिला तर तुरट लागतो आणि पोटात वायू धरतो. बरोबर एक अंडं आणि वाटीभर दही घेतलं की हिशेब २३ ग्रॅमपर्यंत जातो.

कुळथाची पिठी

भाजून दळलेलं कुळथाचं पीठ ३० ग्रॅम घ्या आणि आधी १०० मिली गार पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की पिठाचा बाहेरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळ्या होतात. मग रवी फिरवूनही त्या मोडत नाहीत. एक चमचा तेलात पाच पाकळ्या ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, हिंग, हळद. त्यावर २०० मिली पाणी, उकळी आली की कालवलेलं पीठ सतत ढवळत ओता. मंद आंचेवर ७-८ मिनिटं. शेवटी दोन आमसुलं. आमसुलं आधी टाकली तरी बिघडत काही नाही, पण आंबटपणा उग्र होतो.

पिठीचा मोह असा की ती भातावर घ्यावीशी वाटते. सकाळी वाटीतून प्या, आणि तिच्या जोडीला दोन उकडलेली अंडी घ्या: १८ ग्रॅम. नुसत्या पिठीवर भागत नाही, ती पातळ असते.

मासळी सकाळी

रात्रीचं बांगड्याचं तिखलं सकाळी अर्ध्या भाकरीशी उत्तम लागतं. पण बांगडा, तारली, सुरमई, कुप्पा या माशांची एक गोष्ट जपायला हवी. ते उबेत राहिले की जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते पुन्हा कितीही उकळलं तरी जात नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांध्या उठणं हे त्यामुळे होतं, आणि ‘मासा बाधला’ म्हणून सोडून दिलं जातं. मासा बाजारातून आल्याबरोबर बर्फात किंवा फ्रिजमध्ये, आणि तिखलं निवलं की लगेच फ्रिजमध्ये. वीज रात्रभर गेली असेल तर ते सकाळी खाऊ नका.

सुकटीत अडचण मिठाची. रक्तदाब असेल तर २० ग्रॅम जवळा कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवा, पाणी टाका, दोनदा चोळून धुवा, पिळून मग कोरडा परता. कांदा, कोकम, तिखट घाला, मीठ वरून अजिबात नको. सुकट आठवड्यातून दोनदा ठीक. खाऱ्या बोंबलाचं, खाऱ्या बांगड्याचं मीठ एवढ्या धुण्याने निघत नाही, ते रोजच्या न्याहारीत धरूच नका.

काळे वाटाणे आणि शाकाहारी सकाळ

श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, किंवा जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तो काळ: या दिवसांचा बेत आधीच ठरलेला असावा, नाहीतर पुन्हा पोहे येतात. ४० ग्रॅम काळे वाटाणे १२ तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात कुकरच्या ५-६ शिट्ट्या. वाटणात खोबरं माणशी एक-दोन चमच्यांवर नेऊ नका. वाटाण्यांचे ८, चक्क्याचे ८, शेंगदाण्यांचे ४: वीस झाले. अलिबाग-पेणकडच्या घरांत कडव्या वालांचं बिरडं याच मापात बसतं. वाल सोलायचा कंटाळा म्हणून ते फक्त रविवारी होतं हे वेगळं.

उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. तो टाळून शेंगदाण्याची आमटी, दही, चक्का घ्या आणि वरीचा भात पाव वाटी. वरी हलकी असते असं म्हणतात, पण साखर तीही वाढवते. गोळ्यांवर असाल तर निर्जळी उपवास डॉक्टरांना न विचारता करू नका.

आंब्याच्या दिवसांत पथ्य कोण पाळतं! तरी हापूसचा अर्धा आंबा, न्याहारी संपल्यावर, चावून. आमरस आणि घावणे ही जोडी मात्र सकाळी नको.

उपयोग होतोय का हे मोजा

पहिल्या आठवड्यात जुनीच न्याहारी ठेवून दोन दिवस मोजा, मग नवी सुरू करून चार दिवस. उपाशी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा; न्याहारी संपल्यापासून नव्हे. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी उपाशी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. वयस्क माणसांना किंवा गरोदर बाईला डॉक्टर वेगळं देतील. आकड्यापेक्षा दोन मोजण्यांमधला फरक बघा. तो जुन्या न्याहारीपेक्षा कमी झाला तर वाट बरोबर आहे.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण पुसा. आंबा, फणस, गूळ हाताळलेल्या बोटावर मीटर भलताच आकडा दाखवतो. किनारपट्टीवर स्ट्रिप खराब व्हायचं मुख्य कारण दमट हवा. डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, स्ट्रिपा सुट्या करून पिशवीत ठेवू नका आणि फ्रिजमध्येही ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरतं.

नेहमीच्या तक्रारी

पोट फुगतं: कडधान्य एकदम वाढवल्यामुळे. पंधरवडाभर माप अर्ध्यावर ठेवा, भिजवलेलं पाणी टाका, हिंग-आलं वापरा, मोडाची कडधान्यं कच्ची खाऊ नका. शौचाला कडक होतं: अंडी-मासा आला आणि भाजी राहिली, पाणीही कमी पडलं. अकरालाच भूक लागते: वाटीत रस जास्त आणि दाणे कमी आहेत, पुन्हा वजन करून बघा. दोन तासांची साखर चांगली पण उपाशी साखर हलत नाही: ते न्याहारीने सुटणारं कोडं नाही, रात्रीचा भात, जेवणाची वेळ आणि औषधं तपासावी लागतील. दोन तासांनी आकडा ९० च्या खाली येऊ लागला आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू आहे, तर पुढच्या तारखेची वाट न बघता वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. एचबीए१सी तीन महिन्यांनी करा. त्याआधी केली तर तिच्यात जुन्या न्याहारीचेही दिवस मोजले जातात.